हिरवं दिसू लागलं, तरी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. जमीन घेतलीस, घरही तिथेच बांधतोयस, शेळ्या आणि मधमाश्यांच्या पेट्याही आणणार आहेस, हे वाचून आम्हाला किती आनंद झाला म्हणून सांगू! आईने तर दोनदा वाचून घेतलं. 'एकदा हिवाळा सरला की पुढचं सोपं' असं तू लिहिलंयस. त्या एका वाक्याने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही.

इथे थंडी ओसरू लागलीय. झाडांचे डोळे फुगलेत, दिवस मोठा झाला तशा कोंबड्या पुन्हा अंड्यांवर आल्यात. पाहणाऱ्याला वाटावं, आता सगळी रेलचेल. पण घर शेतावर चालतं तिथे वर्षातला सगळ्यात ओढीचा काळ हाच. साठवणीचं तळाला गेलेलं असतं आणि नवं अजून हाती लागलेलं नसतं.

मधमाश्यांचंच घे. ऐन थंडीत त्या एकमेकींना बिलगून बसतात आणि बेताने खातात. आता राणी अंडी घालू लागली, की त्या अंडी-अळ्यांना सतत ३४-३५ अंशांची ऊब लागते, आणि ती ऊब येते साठवलेल्या मधातून. बाहेर फुलं तुरळक. त्यात पारा १० अंशांच्या खाली असला तर माश्या फारशा उडतही नाहीत. त्यामुळे कडाक्याची थंडी काढलेली वसाहत नेमकी आता उपाशी मरू शकते. बाबा पेटीची मागची कड जराशी उचलून बघतात आणि वजनावरून आत किती मध उरलाय ते सांगतात. मला हे कसब फार मोलाचं वाटतं. पेटी न उघडता कळतं, म्हणजे आतली ऊबही जात नाही. पेटी हलकी लागली तर चौकटींवर साखरेचा घट्ट गोळा ठेवायचा. गारठ्यात पातळ पाक नको, त्याने आत ओल वाढते.

शेळ्यांचंही तेच. त्यांचे गाभणपणाचे दिवस साधारण १५०, पण करडू पोटात झपाट्याने वाढतं ते शेवटच्या दोन महिन्यांत. म्हणजे वैरण संपत आलेली असतानाच त्यांना चांगला चारा हवा. कोवळं गवत दिसलं की सोडावंसं वाटतं, पण इतक्यात सोडू नकोस. गवत मुळातल्या साठ्यावर वर आलेलं असतं; तेवढ्यातच खुडलं तर पुढे वर्षभर रान विरळ राहतं. शिवाय रिकाम्या पोटी ओलं लुसलुशीत गवत खाऊन पोटफुगी होते, ती वेगळीच. वीतभर वाढू दे, आणि पहिले काही दिवस आधी वाळला चारा खाऊ घालून मगच थोडा वेळ सोड.

जमिनीला वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची झाल्याशिवाय, कुदळ लावू नकोस. मूठभर माती दाबून बघ. बोटाने टोचल्यावर भुगा झाला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर थांब. ओल्यात खणलेली माती पुढे ढेकळं होऊन बसते. वाटाणा ५ अंशांच्या मातीतही उगवतो, त्याला आधी लाव. टोमॅटोची रोपं घरातच वाढव, आणि आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल त्या रात्री गारठ्याने रोपं करपतात, तेव्हा काहीही बाहेर ठेवू नकोस.

म्हणून माझं ऐक. राहायला यंदाच जा, वाफेही कर, पण शेळ्या आणि पेट्या आत्ता आणू नकोस. आधी एक उन्हाळा चारा कापून, वाळवून, रचून ठेव. वहिनींना हे पटेल, मुलं हिरमुसतील. त्यांच्यासाठी चार कोंबड्या आण.

आणि इकडे ये. आमच्या दोन शेळ्या येत्या पंधरवड्यात वितील. पहिल्या काही तासांतच करडाला चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजावा लागतो. दिवस उलटला की त्यातली रोगापासून राखणारी ताकद करडाच्या अंगात उतरत नाही. हे काम पत्रातून शिकवता येणार नाही. जुने कपडे घेऊन ये, आणि रात्री जागायची तयारी ठेव.

तुझाच,
जिवलग मित्र