माफी नव्हे, निर्दोषत्व हवे

जमैकात जन्मलेले, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांना तत्कालीन अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांनी जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या मरणोत्तर माफीचे स्वागत करणारा लेख वाचला. मला ही माफी अपुरी वाटते. माफीने गुन्हा पुसला जात नाही. १९२३च्या टपाल-फसवणूक खटल्यात सोबतचे तिन्ही आरोपी सुटले, शिक्षा एकट्या गार्वींना झाली. त्यांना हद्दपार करण्यासाठी अमेरिकी न्याय खात्यातले अधिकारी एडगर हूव्हर १९१९पासूनच निमित्त शोधत होते. १९२७ मध्ये तेही साधले. कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या पैशाने जहाजे चालवावीत म्हणून गार्वींनी काढलेली 'ब्लॅक स्टार लाइन' ही कंपनी बुडाली खरी, पण तिच्या नावातला काळा तारा आज घानाच्या झेंड्यावर आहे. गार्वींना निर्दोष ठरवणारे ठराव अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेकदा मांडले गेले. त्यातला एक तरी आता संमत व्हावा.

– एक वाचक, सातारा