वर्णपट वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

एम.एस्सी.चा प्रबंध जमा झाला. त्यातल्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरात, निवृत्तीनंतरही, दारात आलेल्या कुठल्याही मुलाला वर्णपट (प्रकाशाचे सुटे केलेले रंग) वाचायला शिकवणारं कुणी आहे, हे इथल्या इतर मराठी घरांतही कळायला हवं.

माझा विषय तांबड्या राक्षसी ताऱ्यांमधल्या लिथियमचा. लिथियम ताऱ्यात टिकणं मोठं कठीण. तापमान सुमारे २५ लाख केल्विनवर गेलं की प्रोटॉनच्या धडकेने त्याचा अणुगर्भ फुटतो आणि हेलियमचे दोन अणुगर्भ उरतात. त्यामुळे ते शिल्लक राहतं फक्त वरच्या, थंड थरात. उतारवयात तारा फुगून राक्षसी होतो, आतला वायू वर येतो, वरचा खाली जातो आणि उरलंसुरलं लिथियमही विरळ होतं. नेहमीच्या गणिताप्रमाणे अशा ताऱ्यात एक लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे फार तर तीसेक लिथियमचे अणू सापडावेत. तरीही शंभरात एखादा राक्षसी तारा या हिशेबात बसत नाही. १९८२ मध्ये वॉलरस्टीन आणि स्नेडन यांनी असा पहिला तारा नोंदवला, एचडी ११२१२७. २०१८ मध्ये चीनच्या लामोस्ट दुर्बिणीच्या निरीक्षणांतून जो तारा पुढे आला, त्यात तर हे प्रमाण ३२ हजारांच्या घरात आहे!

हे सगळं मी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं. तुम्ही गॅलरीतला दिवा मालवून लिथियम क्लोराइडचा कण ज्योतीत धरलात आणि वर्णपटदर्शक माझ्या हातात दिलात. ६७०.८ नॅनोमीटरची ती गडद लाल रेषा! ताऱ्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी ती काळी दिसते, कारण ताऱ्याच्या वातावरणातलं लिथियम तेवढाच प्रकाश गिळतं. त्या संध्याकाळनंतर पडद्यावरचा आलेख माझ्यासाठी नुसता आलेख उरला नाही.

पण सगळ्यात मोठं ऋण पुढच्या गोष्टीचं. लिथियमच्या रेषेला अगदी खेटून, ६७०.७४ नॅनोमीटरला, लोखंडाची एक बारीक रेषा आहे. राक्षसी तारे थंड असतात, त्यांच्यात ती चांगलीच जाणवते आणि दोन्ही मिळून एकच खळगा दिसतो. "लोखंडाचा वाटा आधी वजा कर, मग लिथियमबद्दल बोल," असं म्हणून तुम्ही प्रत्येक तारा माझ्याकडून पुन्हा मोजून घेतलात. संगणकाने दिलेला आकडा तुम्ही कधीच थेट मान्य केला नाहीत. माझ्या प्रबंधातल्या आकड्यांवर आज कुणी बोट ठेवलं, तर प्रत्येक आकडा कुठून आला हे मी सांगू शकते.

ताऱ्याने आपला ग्रह गिळला आणि त्यातलं लिथियम वर आलं, ही कल्पना सगळ्यांनाच मोहवते. मलाही ती आवडायची. तुम्ही ती खोडली नाहीत. एवढंच विचारलंत, "मग आणखी काय दिसायला हवं?" ग्रह गिळायला ताऱ्याला ठरावीक वय लागत नाही, म्हणजे लिथियमसंपन्न तारे फुगण्याच्या प्रत्येक टप्प्यावर विखुरलेले हवेत. आता टप्पा ओळखायचा तर ताऱ्याची कंपनं, म्हणजे त्याच्या प्रकाशातली बारीक थरथर, हवीत, आणि ती नासाच्या केप्लर यानाने मोजून ठेवली आहेत. तुमच्या त्या एका प्रश्नाने मला भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कामापर्यंत नेलं. रघुबर सिंह, ईश्वर रेड्डी आणि भरत कुमार यांनी २०१९ मध्ये कंपनांवरून दाखवलं की त्यांना सापडलेले असे तारे गाभ्यात हेलियम जाळणारे, म्हणजे एकाच टप्प्यावरचे आहेत. २०२० मध्ये भरत कुमार, रेड्डी आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांचे वर्णपट नोंदवणाऱ्या गलाह सर्वेक्षणातून त्याहून मोठी गोष्ट मांडली: सूर्यासारख्या ताऱ्यांत हेलियम पेटल्यानंतर लिथियम आधीच्या टप्प्यापेक्षा सरासरी ४० पट असतं. म्हणजे त्यांच्या मते हा अपवादाचा मामला नाहीच, सूर्यही एक दिवस लिथियम घडवेल. ग्रह गिळण्याने काही तारे समजतील, पण सगळ्यांचा हिशेब त्याने लागत नाही.

ताऱ्यात लिथियम घडण्याची मूळ वाट कॅमरून आणि फाउलर यांनी १९७१ मध्येच सुचवली होती. हेलियमच्या दोन प्रकारांपासून बेरिलियम-७ बनतं. प्रयोगशाळेत ते ५३ दिवसांत निम्मं होतं आणि त्याचं लिथियम होतं. ते जळण्याआधी थंड थरात पोचलं, तरच वाचतं. त्याला इतक्या वेगाने वर कोण नेतं, यावर अजून एकमत नाही आणि मला आता तिथेच काम करायचं आहे.

काकूंनाही माझा नमस्कार सांगा. अभ्यास लांबला की त्या मला जेवल्याशिवाय सोडत नसत.

पीएच.डी.च्या मुलाखतीत दाखवायला मी काही ताऱ्यांची यादी केली आहे. हेलियम पेटून किती काळ लोटला, यावरून त्यांचं लिथियम घटत जातं का, ते त्यात पाहायचं आहे. रविवारी यादी घेऊन येते. लोखंडाचा वाटा वजा केलेला आहे, तरी तुम्ही एकदा तपासा.

आपली,
रामबागेतली विद्यार्थिनी