त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टर ताईंना

डॉक्टर ताई, नमस्कार.

नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. शिरपूरकडची केळीवाली म्हातारी, एऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून रक्त बाहेर जायची झडप) बदललेली, नाशिकला आयसीयूत कोपऱ्यातल्या बेडवर होती, तिचा मी मोठा मुलगा.

ऑपरेशन चांगलं झालं, व्हॉल्व्ह मस्त बसला म्हणून आम्ही गावाकडे सगळ्यांना फोन करून मोकळे झालो आणि रात्री मायचं बीपी खालीच यायला लागलं. बीपी पडलं की हृदयाला जोर देणारं औषध वाढवतात, तसं ते वाढवत होते, पण जेवढं वाढवलं तेवढं बीपी अजून पडायचं. तुम्ही आल्या आणि औषधाला हात लावायच्या आधी इकोचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं) मशीन बेडजवळ ओढून आणलं. आभार मुख्य त्याचेच.

नंतर बाहेर येऊन तुम्ही समजावलं. नवा व्हॉल्व्ह नीट आहे, अडथळा त्याच्या खाली, हृदयातच आहे. अरुंद व्हॉल्व्हमधून वर्षानुवर्षं रक्त ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली, आत जागा कमी. समोरचा अडथळा एकदम निघाला की असं हृदय आत पुरेसं रक्त नसतानाही पूर्ण ताकदीने आवळतं, त्यात शेजारच्या मायट्रल व्हॉल्व्हचा (रक्त कप्प्यात यायच्या झडपेचा) पडदा रक्त बाहेर जायच्या वाटेत ओढला जातो आणि वाट बंद. मला लगेच आमची विहीर आठवली, पाणी तळाला गेलं आणि मोटर जोरात ओढायला लागली की मऊ सक्शन पाइप चपटा होतो, मग मोटर कितीपण मोठी टाका.

म्हणून जोराचं औषध हळूहळू बंद, सलाईन चालू, लघवीचं इंजेक्शन थांबवलं, नसा आवळून बीपी धरणारं औषध लावलं आणि ठोके कमी करायला बीटा ब्लॉकर. एरवी बीपी उतरवायला देतात ते, बीपी पडलेल्या पेशंटला बीटा ब्लॉकर! आमच्या मामांचं मेडिकल आहे, ते फोनवर ओरडायलाच लागले. एवढ्या धावपळीत तुम्ही त्यांनापण दोन मिनिटं देऊन समजावलं, हे कोण करतं हो? सकाळी बीपी १०० च्या वर होतं, इकोत ग्रेडियंट, म्हणजे अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक, उतरलेला, आणि श्वासाची नळी निघाल्यावर माय मला पहिलं काय बोलली तर, "जेवना का तू?"

आता मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकरच, चालू आहे. अंगातलं पाणी कमी पडू देऊ नका म्हणाला होतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून उन्हात तिला शेतात जाऊच देत नाही. ती त्यावरून रोज भांडते, भांडायला दम पुरतो म्हणजे बरंच आहे म्हणायचं. तुमचं नाव तिच्या लक्षात राहत नाही, "ती मशीनवाली पोर कशी शे?" असं विचारते.

पुढच्या इकोला येताना केळीचा घड आणतोय, नाही म्हणू नका, रात्रीच्या सिस्टर लोकांनापण वाटा. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी खायला घरी या, फक्त मायच्या ताटात मीठ किती हे तेव्हा बघायचं नाही.

तुमचा,
शिरपूरकडचा भाऊ