पिस्तुलावरचा आरोप मागे घ्यावा

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

जिल्हा नेमबाजी स्पर्धेचा वृत्तांत आपल्या क्रीडा पानावर वाचला. नव्या पिस्तुलाने ऐनवेळी दगा दिल्यामुळे भुसावळची एक मुलगी मागे पडली, असं त्यात लिहिलं आहे. ती मुलगी माझी नात. बातमीदाराने मैदानावर ऐकलं तेच लिहिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पिस्तूल बिचारं बोलू शकत नाही. दगा दिला तो मी, आणि त्याचा कबुलीजबाब छापावा ही विनंती.

मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली. फिटरच्या घरात नवीन यंत्र आलं की ते उघडून बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

पिस्तूल आलं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी. शेजारचे विचारायला लागले, लायसन काढलं का, गोळ्या वरणगावच्या कारखान्यातून आणणार का! हे 10 मीटरचं हवेचं पिस्तूल. यात दारू नसते. सिलिंडरमधली दाबलेली हवा 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. समोरच्या कार्डावरचा दहाचा गोल 11.5 मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. हात एकच, टेकू नाही, आणि असे 60 छर्रे.

पेटीत एक छोटं कार्ड होतं. कारखान्यात पिस्तूल पकडीत घट्ट धरून मारलेले पाच छर्रे, पाचही एकाच भोकात. नातीने ते माझ्यासमोर धरलं, ‘आबा, हे बघा, पिस्तूल चांगलं आहे. आता बिघडलं तर आपण बिघडवलं.’ मी हसलो.

पहिली तक्रार चौथ्या दिवशी आली. भरदुपारी 43 अंशांत सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरला आणि पहाटे काटा बघितला तर 190. हवा गळते, मी जाहीर केलं. जोडावर साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. तरी मन मानेना. सिलिंडर रिकामा करून सांध्यातली रबरी रिंग सुईने उचकटून काढली, पुसली, परत बसवली. त्यानंतर मात्र बुडबुडे आले, कारण सुईचा ओरखडा! नातीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. अंशांत 273 मिळवून केल्व्हिन करायचे: दुपारचे 43 अधिक 273 म्हणजे 316, पहाटेचे 27 अधिक 273 म्हणजे 300. हवा तेवढीच, तापमान उतरलं की दाब त्याच प्रमाणात उतरणार. 200 चे 190 बरोब्बर. अकरावीचा धडा. न झालेली गळती दुरुस्त करायला गेलो आणि खरी गळती करून बसलो. बोटाच्या पेरात मावेल एवढी ती रिंग टपालाने यायला नऊ दिवस लागले. खान्देशात ज्यांच्या घरी असा सिलिंडर आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: भरल्यावर तो निवू द्यावा, मग काटा वाचावा, आणि रोज एकाच वेळेला वाचावा. उन्हात उभ्या मोटारीत तर तो ठेवूच नये, तिथे हाच हिशेब उलटा चालतो.

दुसरी भानगड मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या खाचेची. छर्रे वर जात होते. साइटच्या स्क्रूवर एच अक्षर आणि बाण. एच म्हणजे हाय, तिकडे फिरवलं तर आणखी वर जाईल, म्हणून मी उलटं फिरवलं. छर्रे कार्डाच्या डोक्यावर. पुस्तिका जर्मनमध्ये होती म्हणून बाजूला ठेवली होती, ती शेवटी फोनवर भाषांतर करून वाचली. त्या पिस्तुलावर एचचा अर्थ असा, की छर्रा वर लागत असेल तर इकडे फिरवा. अख्खा रविवार त्यात गेला.

मग छर्रे. एकाच डब्यावर अडून बसू नये, हे मात्र आम्ही बरोबर केलं. 4.49 आणि 4.50 मिलिमीटर डोक्याचे दोन-तीन प्रकारचे छर्रे आणले, वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच मारले. एका प्रकाराचं भोक नाण्याएवढं पसरलं, दुसऱ्याचं बटणात मावलं. नळी नवी असते, आत कारखान्याचं तेल असतं, त्यामुळे पहिले काही डझन छर्रे कुठेही जातात; त्यावरून निकाल देऊ नये. आधी नमद्याच्या गोळ्या दोरीने ओढून नळी पुसावी, मग मोजायला बसावं. शंभरेक छर्ऱ्यांनंतर ग्रिपचा, म्हणजे लाकडी मुठीचा, स्क्रूही तपासावा. लाकूड दबतं, आमचा पाव फेरा ढिला निघाला होता. ग्रिप केसभर हलली की हात स्वतःला दोष देत बसतो.

इथे थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

नियम असा, की 10 मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर 500 ग्रॅमपेक्षा हलका असता कामा नये. स्पर्धेच्या आधी पंच पिस्तूल हवा भरलेल्या स्थितीत, नळी आकाशाकडे करून, ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, पिस्तूल सुटता कामा नये. ट्रिगर जितका हलका तितका खेळाडू खूश, म्हणून सगळे 500 च्या काठावर बसतात. मीही बसवला. भाजीवाल्याच्या ताणकाट्याने, तोही तिरपा धरून. काटा 510 दाखवत होता, मी मिशीवरून हात फिरवला.

दोन गोष्टी फिटर असून विसरलो. नवीन यंत्राचे घासणारे भाग चालून चालून गुळगुळीत होतात, इंजिनाचेही आणि ट्रिगरचेही. हजारभर वेळा ओढल्यावर तोच ट्रिगर हलका होतो. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री मी त्या जोडात शिलाई मशीनचं तेल सोडलं. कारखान्याने घातलेलं ग्रीस पुसून! शिवाय त्याच रात्री साइट दोन क्लिक हलवली आणि ग्रिपवर पॉलिशपेपर मारला. चार बदल एका रात्रीत. शेडमध्ये एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर पाना धुवायला बसवलं असतं.

सकाळी तपासणीत वजन लावलं, पिस्तूल फट्‌ करून सुटलं. तिन्ही वेळा. पोरीने थरथरत्या हाताने स्क्रू आवळला, घाईत जवळजवळ पूर्ण फेरा. वजन उचललं गेलं, परवानगी मिळाली, पण आता तो ट्रिगर दगड झाला होता. सरावाच्या पंधरा मिनिटांत छर्रे डावीकडे खाली, सातच्या रेघेत. ओढताना मनगट मोडत होतं. सरावात ती 545 च्या आसपास मारते, त्या दिवशी 511. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, ‘आबा, तुम्ही कायले हात लावला त्याले?’

पिस्तूल खरोखरही बिघडतं, ते नाकारत नाही. टोकियोत 2021 साली मनू भाकरचं बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, 575 वर तिची अंतिम फेरी हुकली. त्याच 10 मीटरमध्ये तिने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं. पण आमची केस तिच्या जवळपासही नाही.

संयोजकांना मात्र एक विनंती. हत्यारांची तपासणी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. गावोगावची पोरं पहाटेची एसटी पकडून येतात, त्यांना ते 500 ग्रॅमचं वजन पहिल्यांदा दिसतं ते थेट पंचाच्या हातात. मी सरावासाठी तसं वजन खूप शोधलं, मिळालं नाही.

म्हणून ते केलं. जुन्या ओळखीच्या लेथवर पितळेचा तुकडा कातला, वर आकडा बसवला आणि जळगावच्या सराफ बाजारात नेऊन सोन्याच्या काट्यावर ठेवला. सराफाने विचारलं, काय मोडायचंय? 502 भरला. दोन ग्रॅम कानशीने काढले, दुसऱ्या खेपेला पाचशे. ट्रिगर आता 530 वर आहे, आणि स्क्रूच्या डोक्यावर नातीने नेलपॉलिशची रेघ ओढली आहे, मी फिरवला तर कळावं म्हणून.

आपला,
एक निवृत्त फिटर, भुसावळ