फरशीवरून उडालेलं घर

प्रिय ताई,

आमच्या बालवर्गात येऊन तुम्ही मुलांना पाण्याची ओळख करून दिलीत, त्याचे आभार मानायला दोन महिने उशीर झाला, रागावू नका. तुम्ही गेलात त्या दिवशी लिहिलं असतं तर ‘मुलांना खूप मजा आली’ एवढंच लिहून मोकळी झाले असते.

आमच्या बालवर्गात पाण्याचा विषय २२ मार्चला निघायचा. १९९३पासून हा दिवस जागतिक जलदिन म्हणून पाळतात. आम्ही मुलांकडून ‘पाणी वाचवा’ म्हणून घ्यायचो, गळक्या नळाचं चित्र रंगवून घ्यायचो, की झालं. चार-पाच वर्षांच्या पोरांनी पाण्याकडे अजून धड पाहिलेलंही नसतं, ती वाचवणार काय? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

तुम्ही रंग पिशवीतच ठेवलेत. प्रत्येकाला एक ब्रश आणि वाटीभर पाणी देऊन उन्हातल्या फरशीवर बसवलंत. एकीनं घर काढलं. दार काढून होईतो छप्पर गायब! तिनं भोकाड पसरलं. मी लगबगीनं पुढे झाले, बाष्पीभवन हा शब्द तोंडात तयारच होता. तुम्ही मला खुणेनं थांबवलंत आणि तिला विचारलंत, “कुठं गं गेलं घर?”

“उडालं.”

मग गोष्ट तिथूनच निघाली. वर गेल्यावर घराला थंडी वाजली. त्याचे बारीक बारीक थेंब झाले. थेंब एकमेकांना बिलगले, जड झाले आणि धपकन खाली आले. तुम्ही फक्त ‘मग?’ म्हणत होतात. वाफ थंडावून पाऊस कसा पडतो, हे याहून वेगळं मी तरी काय सांगणार होते?

शंभर चमच्यांचा खेळ मी नंतर दोनदा घेतला. पृथ्वीवरचं सगळं पाणी शंभर चमचे धरलं, तर सुमारे सत्त्याण्णव खारे. उरलेल्या तिनांतले दोन बर्फात गोठलेले. मुलांना शंभरापर्यंत मोजता येत नाही, म्हणून दहा-दहा चमच्यांच्या दहा वाट्या केल्या. शेवटचा चमचा हातात धरून एक जण बराच वेळ उभा होता. सांडू नये म्हणून श्वास रोखून! (उंच पेल्यात ओतलं की पाणी ‘जास्त होतं’ हे मात्र तो अजूनही शपथेवर सांगतो. लहान मुलं कसा विचार करतात हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे मी परीक्षेसाठी पाठ केला होता, भेटला तो आता.)

आणि ती नदी! मोठा कागद जमिनीवर अंथरून सगळ्यांना चारी बाजूंनी बसवलंत, तेव्हा मला वाटलं, आता गोंधळ. झालाच. प्रत्येकाचं ‘वर’ वेगळं, त्यामुळे एकाची नदी दुसऱ्याच्या डोंगरावर चढत होती. “पाणी असं चढत नाही!” “माझं चढतं!” भांडण मिटवायची माझी जुनी खोड. तुम्ही ताटात पाणी ओतून ताट त्यांच्या हातात दिलंत. दोघांनी ते कलतं करून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग डोंगर खोडायचा की नदी वळवायची यावर खरी वाटाघाट सुरू झाली. शेवटी नदी डोंगराला वळसा घालून गेली. मी काढून दिली असती तर सरळसोट, निळी आणि कंटाळवाणी झाली असती.

परवा आभाळ भरून आलं, तेव्हा ती घर काढणारी मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, “बाई, यात माझं दार पण असेल.” मी काही बोलले नाही. हे न बोलणं तुमच्याकडूनच शिकले, त्याचे आभार वेगळे.

कागद अजून भिंतीवर आहे, कडा वळल्यात. समुद्राला जागा पुरली नाही म्हणून मुलांनी खाली आणखी दोन कागद चिकटवलेत. निळा रंग संपलाय, येताना घेऊन या.

तुमची,
बालवर्गाची बाई