बाबांच्या खुर्चीबद्दल, दोघांनाही

प्रिय आई आणि बाबा,

नमस्कार वगैरे गृहीत धरा. फोनवर काही सांगायला गेलं की आई "हो हो" म्हणते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला जाते, बाबा फोन कानाला लावून टीव्ही बघत बसतात, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. वरच्या मजल्यावरच्या मुलाला मेल केलाय, तो प्रिंट काढून देईल, अक्षर मोठं ठेव म्हणून सांगितलंय.

तर विषय खुर्चीचा, म्हणजे बाबांच्या व्हीलचेअरचा. गेल्या महिन्यात आठ दिवस कोथरूडला होते तेव्हा रोज तोच वाद ऐकला. आई म्हणणार, हे नीट बसतच नाहीत, दहा मिनिटांत खाली घसरतात, ओढून ओढून माझे खांदे गेले. बाबा म्हणणार, ही खुर्चीच भिकार आहे. मी तेव्हा गप्प बसले, पण निघायच्या आदल्या रात्री बाबा झोपल्यावर टेप घेऊन खुर्ची मोजली आणि मला वाटतं दोघंही चुकताय. बाबा मुद्दाम घसरत नाहीत आणि खुर्चीही वाईट नाही, ती फक्त दुसऱ्या माणसाची आहे. ज्या काकांची होती ते सहा फुटी आणि चांगले आडवे होते. बाबा, तुम्ही आयुष्यात कधी रेडीमेड शर्ट घातला नाहीत, लक्ष्मी रोडच्या शिंप्याकडे तीन चकरा मारायचात, कॉलर अर्धा इंच चुकली तर परत करायचात. आणि ज्यात दिवसाचे सहा तास बसता ती वस्तू दुसऱ्याच्या मापाची चालते?

खुर्चीची सीट १८ इंच रुंद आहे. तुम्ही आजारपणानंतर इतके बारीक झालात की दोन्ही बाजूंना माझी मूठ जाते. खरं तर कंबरेच्या दोन्ही बाजूंना हाताचा पंजा सरळ आत सरकेल एवढीच जागा हवी. जास्त असली की माणूस कलतो, आणि तुम्ही डावीकडेच कलता कारण ती बाजू कमजोर आहे. त्यात सीटचं रेक्झिन झोळीसारखं मधे लोंबतंय. त्यावर एक पातळ प्लायची फळी, खाली दोन पट्ट्या ठोकून म्हणजे पुढे सरकणार नाही, फळीवर चांगला फोम, आणि डाव्या बाजूला फोमचाच एक पट्टा, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. (बाथरूमच्या दारात रोज अडकता तेही ह्याच रुंदीमुळे, सीट १८ असली की बाहेरून खुर्ची २५-२६ इंच होते आणि आपलं दार २४ चं. तिथे चौकट घासण्यात अर्थ नाही, दाराशीच थांबा.)

घसरण्याचं मुख्य कारण मात्र सीटची खोली, म्हणजे पुढून मागे किती ती, आणि फुटरेस्ट. पाठ टेकवून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण ह्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. तुमच्या गुडघ्याला कड लागते, टोचते, मग तुम्ही नकळत पुढे सरकता आणि पाठीचा धनुष्य होतो. पाठीमागे जाड फोम लावला की सीट आपोआप तेवढी कमी खोल होईल. आणि फुटरेस्ट त्या उंच काकांसाठी अगदी खाली सोडलेत, तुमचे पाय टेकतच नाहीत, पाय टेकायला जागा शोधत शोधत तुम्ही खाली येता, आई परत वर ओढते, आणि दोघांची भांडणं. दांड्याच्या बोल्टला पाना लावून ते वर घ्या, मांडी पूर्ण सीटवर टेकेल इतपत. फार वरही नको, गुडघे वर आले की सगळं वजन बुडावर येतं. आणि जमिनीपासून फुटरेस्ट दोन इंच तरी वर हवा, नाहीतर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात खट्ट करून आदळेल.

हे सगळं मी आईला सांगत नाहीये बरं का. बाबा, हे तुमचं काम. ३२ वर्षं पिंपरीला टूलरूममध्ये काढलीत, उजवा हात ठणठणीत आहे, आणि रविवारी शेजारच्यांच्या मिक्सरचं बेअरिंग कसं बसवावं ह्यावर अर्धा तास लेक्चर दिलंत तेव्हा तर आवाजही अगदी खणखणीत होता. खुर्चीचा मेंटेनन्स आजपासून तुमच्या खात्यात. आई फक्त पाना हातात देईल.

पहिलं जॉब देते. डावा ब्रेक तुम्हाला पोचत नाही म्हणून तुम्ही आईला हाक मारता, आणि ती आतल्या खोलीत असली की ब्रेक न लावताच उठता. हे मी दोनदा पाहिलं, बोलले नाही. डाव्या ब्रेकच्या दांडीवर सहा-आठ इंचाचा पाइपचा तुकडा घट्ट बसवा, लांब झाला की उजव्या हाताने पोटावरून ओढता येईल. असं एक्स्टेन्शन करतात, मी शोध लावलेला नाही. फक्त तो पाइप धरून उठू नका, निघून हातात येईल. आणि हे ब्रेक गाडीच्या ब्रेकसारखे नाहीत, ते नुसते उभ्या खुर्चीला धरून ठेवतात, चालत्या चाकाला लावून वेग कमी करायचा नाही.

दुसरं, हवा. आईचे खांदे गेले त्यात अर्धा वाटा ह्या मागच्या टायरांचा आहे. मी अंगठ्याने दाबलं तर टायर पिकलेल्या चिकूसारखं आत गेलं! चांगलं भरलेलं टायर जेमतेम दबतं, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. हवा कमी असली की ढकलायला जड जातं, आणि वर ब्रेकही धरत नाही, कारण ब्रेकची पट्टी टायरलाच दाबते, टायर मऊ तर पकड कुठून येणार. म्हणजे तुम्ही "ब्रेक सुटतोय" म्हणून बोल्ट आवळत बसला होतात ना, दुखणं तिथे नव्हतंच. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून भरून घ्या, किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, आणि पेट्रोल पंपावरच्या मशीनने नको, एवढंसं टायर फाटकन फुटेल. हवा भरल्यावर ब्रेक परत तपासा. स्पोक ढिले वाटले तर तेही त्यालाच दाखवा, एकेक बोटाने छेडून बघायचे, जो इतरांपेक्षा बद्द वाजेल तो ढिला.

आणि पुढची छोटी चाकं. निघायच्या आदल्या रात्री खुर्ची आडवी करून मी ती बघितली, एक चाक फिरतच नव्हतं, नुसतं फरफटत होतं. आईच्या शिवणातली कात्री आणि भुवयांचा चिमटा घेऊन बसले आणि अक्षाला गुंडाळलेलं जे काय निघालं! आईचे लांब पांढरे केस, वातींचा कापूस, राखीचा लाल दोरा, आणि कशाची तरी प्लॅस्टिकची पट्टी, सगळं मिळून लिंबाएवढा गोळा. तो निघाल्यावर चाक बोटाने ढकललं तर फिरत राहिलं. महिन्यातून एकदा हे करायचं. पुसायला ओला फडका पुरे, गच्चीत नेऊन पाइपने धुवायची नाही, बेअरिंगमध्ये पाणी जातं. घडीच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल नको, आई, मला माहितीये तू लावलंयस, त्याला धूळ चिकटून काळा चिखल झालाय.

त्या घडीच्या सांध्यावरून आठवलं, बाबा तुम्हाला आवडेल. खाली इंग्रजी एक्ससारख्या दोन पट्ट्या आहेत ना, ही मिटणारी खुर्ची १९३३ च्या सुमारास अमेरिकेत दोन इंजिनिअर मित्रांनी बनवली, हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज. एव्हरेस्ट मायनिंगवाला, १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात पाठ मोडून त्याचे पाय लुळे पडले, आणि त्याला गाडीत घालून नेता येईल अशी खुर्ची हवी होती, मिळेना, म्हणून मित्राने गॅरेजमध्ये ठोकून दिली. म्हणजे डिझाइन तुमच्याच जातकुळीतल्या लोकांचं आहे. उघडताना दोन्ही तळवे सीटच्या दांड्यांवर दाबायचे, बोटं आत वळवून. बाहेरून मूठ मारून धरलं की बोट चिमटतं, माझं चिमटलं.

आता माझी चूक, कारण नुसती तुम्हालाच बोलतेय असं नको. मंडईतून आल्यावर बटाटे आणि नारळांची पिशवी मी खुर्चीच्या मागच्या हँडलला अडकवून ठेवली. बाबा बसले होते तोवर काही नाही. ते पलंगावर सरकले आणि खुर्ची धाडकन मागे आडवी, नारळ पार सोफ्याखाली. आईने देव आठवले आणि बाबा पलंगावरून शांतपणे म्हणाले, "सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी." दोन सेकंद आधी झालं असतं तर? तेव्हा हँडलला काहीही अडकवायचं नाही, छत्रीसुद्धा नाही. तसंच उठताना पाय फुटरेस्टवर ठेवून उभं राहायचं नाही, खुर्ची पुढे उलटते. आधी दोन्ही ब्रेक, मग फुटरेस्ट बाजूला, पाय जमिनीवर, मग उठायचं. आणि पलंग नेहमी तुमच्या उजव्या हाताला येईल अशी खुर्ची तिरकी लावा, चांगल्या बाजूकडे सरकणं सोपं. फिजिओ ताईंनीही हेच सांगितलं होतं, पण पलंग भिंतीला असल्यामुळे परत येताना डावीकडून यावं लागतं. पलंगच फिरवूया, मी आले की.

आई, आता तुझ्यासाठी. गेटच्या सहा इंची पायरीवर सोसायटीने जी तीन फुटी फळी टाकलीय ती रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी असा हिशोब असतो, म्हणजे सहा फूट हवी. सेक्रेटरींशी बाबांनीच बोलावं, आकडे काढून. तोवर उतरताना कधीही बाबांचं तोंड पुढे करून उतरू नकोस, खुर्ची उलटी फिरव, तू आधी खाली, मोठी चाकं हळूहळू, आणि बाबांची पाठ खुर्चीला टेकलेली. चढताना सरळ. फुटपाथवर चढवायचं तर मागे खाली जो नळीचा तुकडा बाहेर आलाय त्यावर पाय दाबायचा, पुढची चाकं आपसूक उचलली जातात, हाताने उचलू नकोस, कंबर जाईल. गटाराच्या जाळीवरूनही तशीच पुढची चाकं उचलून जा, फटीत अडकली तर बाबा सरळ पुढे फेकले जातील. मदतीला कोणी आलं तर त्याला आर्मरेस्ट धरू देऊ नकोस, ते निघतात. फ्रेम धरायची. आणि बाहेर जाताना शाल गुडघ्यावरच खोचून घे, परवा टोक स्पोकमध्ये होतं. डावा हातही बघत जा, बाबांना तिथे कळत नाही, हात घसरून चाकाशी गेला तरी ते बातम्याच बघत राहतात.

बाबा, घरात मात्र उजवा फुटरेस्ट काढूनच ठेवा. नुसतं उजवं चाक ढकललं की खुर्ची डावीकडे गोल गोल फिरते म्हणून तुम्ही वैतागून सोडून दिलंत, पण उजवी टाच जमिनीला रोवून ओढायची आणि पायानेच दिशा द्यायची, जमतं. त्यासाठी टाच टेकायला हवी, म्हणून सीटवरचा फोम फार जाड नको, कोणी जाड तो चांगला म्हटलं तरी ऐकू नका. बाहेर जाताना फुटरेस्ट परत लावायचा, नाहीतर पाय खाली ओढला जातो.

माकडहाडाशी लाल डाग आहे ना, तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दाबून सोडल्यावर पांढरा होत नसेल किंवा तासाभराने तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवा, उद्याच. ट्यूबसारखी गोल रिंग कोणी सुचवली तर आणू नका, कडेला दाब येऊन मधलं रक्त अडतं. मालिकेत जाहिराती लागल्या की बाबांनी पुढे वाकायचं, मग एकेका बाजूला कलायचं, आईने जवळ उभं राहायचं. जाहिराती भरपूर असतात, तेवढा तरी उपयोग.

मी पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा वनाझहून मेट्रोने जाऊ. बाबांनी अजून आतून पाहिलेली नाही. लिफ्ट आहे, डब्यात खुर्चीला जागाही असते, आत मात्र उलटं शिरायचं, मोठी चाकं आधी.

आता टेप काढा, शिवणाच्या डब्यातच ठेवलीय. बाबांना लाकडी खुर्चीवर ताठ बसवून मोज: कंबरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत, आणि गुडघ्यामागून टाचेपर्यंत, चप्पल घालून. तीनच आकडे व्हॉट्सॅपवर टाक, फोम मी इथून कापून आणते. बाबा अर्धा इंच इकडे तिकडे झालं तर दुसऱ्यांदा मोजायला लावतीलच, लावू दे.

तुमची,
पिंटी