माळ घालण्याआधी दवाखाना

केज, जि. बीड

चि. बाळास, आईचा आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "झोप लागत नाही, म्हणून थोडी घेतो." थोडी म्हणजे किती, ते आवाजावरूनच कळलं मला.

बाबांचंही असंच सुरू झालं होतं. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून कारखान्याला. रात्री कोपीत त्यांची छाती धडधडायची. मुकादमाचे पैसे फिटतील का, या घोरानं डोळ्याला डोळा लागत नसे. घेतली की झोपायचे, मध्यरात्री दचकून उठायचे. आम्ही सगळे दारूलाच शिव्या देत राहिलो. आतलं भ्या कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढचं तुला कधी सांगितलं नव्हतं. एका आषाढीला त्यांनी माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या रात्री अंगावर मुंग्या चढल्या म्हणून ओरडले, मेलेल्या आजीशी बोलायला लागले. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. अंगारा लावला. शेवटी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. रोजची दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, हे मला तिथं कळलं. त्या भ्यावरच्या गोळ्याही तिथंच सुरू झाल्या, आणि मग कुठं माळ टिकली.

म्हणून सांगते, माझी शपथ घेऊन उद्यापासून बंद करू नकोस. आधी डॉक्टरला दाखव. दारू सांग, तशी झोप आणि धडधडही सांग. एकच सांगितलंस तर दुसरं त्याला परत ओढून आणतं. दारूवर झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नकोस, श्वास अडकतो.

लाज वाटत असेल तर 14416 ला फोन कर. मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, टेलिमानस म्हणतात. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही मराठीत बोलतात. आशा सेविकेच्या कामात मी हा नंबर कितीजणींना लिहून दिला, आणि माझ्याच लेकराला द्यायचा राहिला.

चाकणला एका खोलीत सहाजण, पाळ्या बदलत्या, कंत्राट कधी तुटेल नेम नाही. तिथं तुझं मन मोडलं तर त्यात तुझा दोष नाही.

रविवारी पहाटेच्या एसटीनं येते. बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "मीच येतो. ती तिसरी रात्र मला ठाऊक आहे."

तुझी आई